खालच्या जमिनीचा मालक

सुजाता माझ्याशी मराठीत बोलत नाही. तिला कळतं सगळं, तिच्या बाबाचे वऱ्हाडी टोमणेसुद्धा कळतात, पण उत्तर येतं ते डचमध्ये, फार तर इंग्रजीत. एकतीस वर्षांत 'मावशी' एवढा एकच मराठी शब्द तिनं माझ्यासाठी वापरला. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी मी रॉटरडॅमच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत असताना फोन आला आणि पलीकडून 'मावशी, बाबा गेले' असं ऐकू आलं, तेव्हा मला आवाज ओळखायलाच वेळ लागला. दोनच शब्द, पण ते तिनं कुठून तरी आतून शोधून आणले होते. मी हातातली जुडी परत ठेवली. विकणारा तुर्की माणूस मला ओळखतो, घासाघीस न करता मी कधी हलत नाही, तो म्हणाला, काय झालं बाई, आज भाव पटला नाही का... मी मेट्रोकडे चालायला लागले. आज त्याला सात आठवडे झाले.

दिवाकर माझा कोण होता, हे इथल्या माणसांना सांगताना मी नेहमी 'मित्र' म्हणून मोकळी होते. मी पुण्याची, तो वर्ध्याकडचा बौद्ध, तिकडे आमची गाठ पडली असती का आणि पडून मैत्री झाली असती का, हा प्रश्न दोघांनाही ठाऊक होता आणि दोघांनीही तो कधी तोंडातून काढला नाही. इथं गाठ पडली ती माझ्या मेथीमुळे. शहराबाहेर भाड्यानं मिळतो तसला एक भाजीचा तुकडा माझ्याकडे आहे. तिथं काही केल्या मेथी उगवेना, आणि इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी सांगितलं की वाखनिंगनच्या शेती विद्यापीठात मातीचा मोठा शास्त्रज्ञ आहे, आपलाच माणूस आहे. मी फोन केला तो जवळजवळ हुकूम सोडल्यासारखाच. पुढच्या रविवारी हा गृहस्थ खांद्यावर माती काढायचा लांब लोखंडी गिरमिट घेऊन, गाडी बदलत, माझ्या वाफ्यावर हजर. गिरमिट फिरवून फिरवून आत घातला, वर काढला, मातीची एक चिमूट बोटांत चोळली, आणि मग सरळ दाढेखाली धरली. मी किंचाळायचीच बाकी होते. तो शांतपणे म्हणाला, 'गाळ आहे की चिकणमाती, ते दाताला कळते. तू मेथीला पाणी फार घालून राहिली, बाई.' तेव्हापासून मी त्याच्यासाठी 'बाई' झाले आणि माझी मेथी उगवायला लागली.

जाताना त्यानं माझ्या वाफ्यातली मूठभर माती जॅमच्या रिकाम्या बरणीत भरून नेली. पुढे त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं, की स्वयंपाकघराच्या खिडकीत अशा बऱ्याच बरण्या ओळीनं मांडलेल्या आहेत, प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि तिच्यावर त्याच्या गोल, शाळकरी अक्षरात मराठीत नाव. त्याचे वडील ज्या शेतात सालानं कामाला होते तिथली काळी माती. 'ही आणली तेव्हा नियम ठाऊक नव्हता,' तो दरवेळी प्रामाणिकपणे सांगायचा, कारण युरोपबाहेरून अशी माती आणायला बंदी आहे आणि ती बंदी किती योग्य आहे हे विद्यार्थ्यांना शिकवण्यात त्याचं नोकरीतलं आयुष्य गेलं. त्याच्या बायकोच्या, आनेकेच्या, माहेरची निळसर चिकणमाती. सुजाता जिथं सायकलवरून पडून दात पाडून आली त्या वाटेची वाळू. 'शुभदाबाईची मेथी' अशी माझीही एक. आणि चार वर्षांपूर्वी आनेके कॅन्सरनं गेली, तिची राख जिथं पुरली तिथली एक, जिच्यावर नाव लिहायला त्याला तीन महिने लागले.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बंदरावर मालाची कागदपत्रं तपासण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि त्यातून मला पत्रं लिहिण्याचा चस्का लागला. या देशात सरकारदरबारी काही मनाविरुद्ध झालं की हरकतीचा अर्ज करता येतो, इथं त्याला 'बेझ्वार' म्हणतात. सहा आठवड्यांची मुदत असते, मुद्देसूद लिहायचं, मग ते तुम्हाला बोलावतात, कॉफी देतात, एक बिस्कीट देतात, आणि खरोखर ऐकून घेतात. नगरपालिका असो, कर असो, मुलाच्या शाळेची जागा असो, आपल्या लोकांचे कितीतरी बेझ्वार मी लिहून दिले, आणि खरं सांगते, बहुतेक जिंकले. मंडळात मला वकिलीणबाई म्हणायचे. मी वरवर नको नको म्हणायची आणि आतून फुगायची.

आनेके गेल्यानंतर वर्षभरानं, वारसाहक्काचं काम बघणाऱ्या नोटरीकडच्या कागदांत एक जुना इंग्रजी दस्त निघाला. तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणी अमेरिकेत गेला होता, उत्तरेकडच्या कुठल्याशा राज्यात त्यानं शेती केली, म्हातारपणी जमीन विकली, पण विकताना जमिनीच्या पोटात जे काही आहे त्यावरचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. त्याला मूलबाळ नव्हतं. तो हक्क फिरत फिरत अर्धा आनेकेच्या कॅनडातल्या एका चुलतभावाकडे गेला आणि अर्धा तिच्याकडे, म्हणजे आता दिवाकरकडे. इथला नोटरीही चक्रावला, कारण इथं जमिनीखाली काहीही सापडलं तरी ते सरकारचं. दिवाकर मला हे सांगताना इतका हसत होता की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाला, 'माझ्या बापाच्या नावावर सातबारा कधी चढला नाही. मी आयुष्यभर लोकांच्या जमिनी तपासल्या. आता माझ्या नावावर जमीन आली, तर तीही वरची नाही, खालची. आणि मला दोन मीटरच्या खालचं काही कळत नाही.' हसता हसता तो थांबला, आणि मग काळ्या मातीच्या बरणीकडे बराच वेळ बघत बसला. त्या दिवशी मी त्याला चिडवलं नाही.

मग एकाच महिन्यात दोन पत्रं आली. पहिलं तिथल्या एका तेल कंपनीचं, गुळगुळीत कागदावर. तुमचा खालचा हक्क आम्हाला तीन वर्षांच्या करारानं द्या, सोबतच्या छापील कागदावर सही करा, तेल निघालं तर तुमचा हिस्सा तुम्हाला मिळत राहील. दुसरं हातानं लिहिलेलं, रेघांच्या वहीतून फाडलेल्या दोन पानांवर. लिहिणारी रूथ नावाची सत्तरीतली विधवा, त्या जमिनीच्या वरच्या भागाची मालकीण. तिच्या नवऱ्याच्या वडलांनी ती आनेकेच्या आजोबांच्या त्या भावाकडून विकत घेतली होती. तिनं तिथल्या कचेरीतून दिवाकरचं नाव आणि पत्ता शोधून काढला होता. लिहिलं होतं, की खालचं आमचं कधीच नव्हतं आणि मला त्यातलं काही नको. पण माझं घर वर आहे, घराशेजारी पाण्याची बोअर आहे, तुमच्याच माणसानं वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली झाडांची रांग आहे. कंपनीनं यायचं ठरवलं आहे. तेव्हा तुम्ही सही कराल तर कृपा करून कागदात एवढं घाला, की घरापासून आणि बोअरपासून पाचशे पावलांच्या आत काही खणायचं नाही.

हे वाक्य मी आता पाठ म्हणू शकते. तेव्हा मी ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. एक एकटी म्हातारी हात जोडते आहे आणि हे दांडगे तिच्या दारात यंत्रं आणून उभी करणार! मी दिवाकरला म्हटलं, अटी कसल्या घालतोस, सरळ नाही म्हण. ज्याच्या मालकीचं आहे तो नाही म्हणतो, संपलं. तो जरा घुटमळला. त्याचा स्वभावच तसा, दहा ठिकाणी गिरमिट घातल्याशिवाय एका ठिकाणचं बोलायचं नाही. म्हणाला, तिथल्या कुणा वकिलाला विचारू या का आधी? मी म्हटलं, नाही म्हणायला वकील कशाला लागतो रे? आणि त्यालाही ते आवडलं, हे मला दिसलं. ज्याच्या बापाला कुणी कधी विचारलं नव्हतं, त्याला एवढी मोठी कंपनी विचारते आहे आणि तो नाही म्हणतो आहे... मानेचा एक हलका झटका त्यानं दिला, तो मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. मग आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात दोन रविवार बसून पत्र लिहिलं. तीन पानी, मुद्द्यांना आकडे घालून, पाण्याबद्दल, झाडांबद्दल, वर राहणाऱ्या माणसाच्या अधिकाराबद्दल. शेवटी 'आमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी' असं खास माझं वाक्य. सहा आठवड्यांच्या आत रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. ती मुदत त्यांनी घातलीच नव्हती, ती आमच्या अंगात मुरलेली होती.

त्याच दिवशी त्यानं रूथबाईंना स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. निश्चिंत राहा, मी नकार कळवला आहे, तुमच्या घराजवळ कुणी येणार नाही. आणि पुढे, लाजत लाजत, की मला माती जमवायचा नाद आहे, मी एकदा तुमच्याकडे येईन, रीतसर परवाना काढून तुमच्या अंगणातली मूठभर माती नेईन, चालेल का. पत्र पाकिटात घातल्यावर त्यानं जॅमची एक बरणी गरम पाण्यानं धुतली, वाळवली, पट्टी चिकटवली आणि लिहिलं, 'रूथबाईंचं अंगण'. ती त्यानं खिडकीत, काळ्या मातीच्या शेजारी ठेवली. मी म्हटलं, अरे आधी माती तर येऊ दे. तो म्हणाला, जागा धरून ठेवतो.

कंपनीचं उत्तर आलं नाही. आलं ते त्या राज्यात तेलाचं काम बघणाऱ्या कुठल्याशा सरकारी मंडळाचं, सुनावणीची सूचना देणारं. आम्ही दोघं अक्षरशः खूश झालो. सुनावणी म्हणजे टेबल, तीन समंजस माणसं, कॉफी! मी पुन्हा दोन पानं लिहिली. नंतर आम्हाला कळलं, की त्या सकाळी असली डझनावारी प्रकरणं होती आणि आमचं नाव वाचून पुढचं घेईपर्यंत जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते निकालात निघालं. निकाल असा, की ज्यांनी करार केलेला नाही त्यांचा वाटा बाकीच्यांच्या वाट्यात मिसळून घेतला जाईल आणि काम सुरू होईल. कॅनडातल्या चुलतभावानं छापील कागदावर पहिल्याच आठवड्यात, काही न वाचता, सही केली होती. कंपनीला जमिनीवर पाऊल ठेवायला तेवढी पुरेशी होती. मग आम्ही धावपळ करून तिथला वकील गाठला. संगणकाच्या पडद्यावरचा तो माणूस सभ्य होता, थोडा थकलेला होता, आणि त्यानं जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. 'एवढी अट ते बहुतेक वेळा मान्य करतात. जागा पाचशे पावलं सरकवायला त्यांचं काही जात नाही. पण सही करणाऱ्याला कागदात दोन ओळी घालता येतात. नाही म्हणणाऱ्याचा कागदच नसतो.' तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले होते, की जे कागदावर लिहिलेलं नाही ते बोटीवर चढत नाही. दिवाकरनं पडदा बंद केला आणि चहा टाकला. दोन्ही कपांत साखर घालायची विसरला आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

तेलाची विहीर रूथबाईंच्या स्वयंपाकघरापासून दोनशे पावलांवर आली. आम्हाला हे तिच्याच पत्रांतून कळत गेलं. झाडांची रांग ट्रक यायला रस्ता हवा म्हणून गेली. तेलाबरोबर वर येणारा वायू जाळायची ज्योत रात्रंदिवस पेटलेली असते, त्यामुळे पडदे लावूनही घरात उजेडच असतो. बोअरच्या पाण्याला वास येतो, तो विहिरीमुळे आहे असं सिद्ध झालेलं नाही, पण आता ती प्यायचं पाणी दुकानातून आणते. तिनं एकदाही लिहिलं नाही की तुमचं चुकलं. दर पत्राच्या शेवटी तुम्ही प्रयत्न केलात त्याबद्दल आभार, असं असायचं. ते आभार दिवाकरला खात होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा, आणि मलाही तेच वाटायचं.

आणि वरून, मिसळून घेतलेल्या वाट्याचा म्हणून, पहिला चेक आला. आकडा मी सांगत नाही, मोठा नव्हता, पण त्याच्या नावानं छापलेला होता. त्यानं तो तसाच रूथबाईंना पाठवायचा प्रयत्न केला. तिनं परत पाठवला. सोबत चिठ्ठी, की हा तुमचा आहे, माझा नाही, माझं ते घर होतं. 'होतं' असं तिनं लिहिलं. त्यानंतरच्या चेकची पाकिटं त्यानं फोडलीच नाहीत.

पुढचं दीड वर्ष मी एका शहाण्या माणसाला झिजताना पाहिलं. तो रोज पत्रं लिहायचा. कंपनीला, त्या सरकारी मंडळाला, तिथल्या आमदाराला, विद्यापीठातल्या ओळखीच्या प्राध्यापकाला. आता सही करतो, हवी तर फुकट करतो, फक्त विहीर सरकवा... कंपनीनं एकदा उत्तर दिलं, की आता कराराची आवश्यकता उरलेली नाही. ते पत्र त्यानं मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, बाई, यावर बेझ्वार करता येते काय? नाही येत, मी म्हटलं. पत्राबद्दल विचारणाऱ्याला असं सांगायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली. तिकडे जाऊन रूथबाईंच्या समोर उभं राहायचं, असं त्यानं मनात घेतलं होतं, पण मधेच छातीत दुखायला लागलं. त्याच्या डॉक्टरांनी हृदयाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, आणि त्या तज्ज्ञानं विमानप्रवास बंद केला. मी सुटकेचा निःश्वास सोडला, हे कबूल करते. त्या बाईसमोर त्याच्याबरोबर मलाही उभं राहावं लागलं असतं.

सुजाता फेल्डहोवनहून दर आठवड्याला यायची, चिप बनवणाऱ्या यंत्रांमधली ती इंजिनिअर आहे, काहीही बिघडलं की दुरुस्त होतं यावर तिचा विश्वास. ती बाबाला समजवायची, की हे तुझ्या हातातलं नाही, सोडून दे. तो तिला मराठीत म्हणायचा, 'बेटा, माझ्याच हातातलं होतं, तेच तर म्हणून राहिलो.' ती माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीकडे.

शेवटची भेट झाली ती त्याच खिडकीशी. रूथबाईंचं नवं पत्र आलं होतं, की ती घर बंद करून मुलाकडे शहरात राहायला जाते आहे, आता पत्र या पत्त्यावर पाठवू नका, सोबत मुलाकडचा फोन नंबर. दिवाकर खूप वाळला होता, पण डोळे तेच, शिकवायला उभ्या राहिलेल्या मास्तरचे. त्यानं रिकाम्या बरणीखालून तिचं अगदी पहिलं पत्र काढलं, ती वहीची दोन पानं, आणि मला म्हणाला, वाच जरा, माझा चष्मा कुठे आहे कोण जाणे. चष्मा त्याच्या कपाळावर होता. मी वाचत गेले. घर, बोअर, झाडं, तुम्ही सही कराल तर कृपा करून कागदात एवढं घाला...

त्यानं हात वर करून मला थांबवलं. 'शुभदा,' तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली ती तेव्हाच. 'सही करू नका, असं तिनं कुठं लिहिलं गं?'

मी पान उलटलं. पाठीमागची बाजू बघितली. मला ठाऊक होतं की तिथं नाही. तिनं एक साधी, होण्यासारखी गोष्ट मागितली होती, आणि आम्ही दोघं शहाणे, मातीची चव दातानं ओळखणारा आणि कागदाची खोच नजरेनं पकडणारी, तिला तिनं न मागितलेलं काहीतरी मोठं द्यायला निघालो होतो. तो माझ्यावर रागावला नव्हता. मी रडायला लागले तशी त्यानंच उठून, भिंतीला धरत धरत, मला पाणी आणून दिलं. निघताना म्हणाला, बस चुकेल तुझी. ती चुकलीच. मी थांब्यावर अर्धा तास बसून होते आणि परत वर जावं असं दहादा वाटलं, पण गेले नाही.

तो त्या विहिरीमुळे गेला, असं मी म्हणत नाही. त्याचं हृदय आधीच कमजोर होतं, तज्ज्ञानं तसं लिहून दिलेलं आहे. पण तो मोडून गेला, आणि ज्यानं मोडला ते पत्र माझ्या हातचं होतं. हे मी इथं लिहिते आहे, कारण मराठी मंडळाच्या शोकसभेत मला 'दिवाकररावांच्या कठीण काळात खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिलेल्या' असं म्हटलं गेलं आणि मी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. दहनाच्या दिवशी वाखनिंगनमधली आपली तरुण संशोधक मुलं आली होती, त्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून उभी होते. सुजाता सगळं म्हणत होती, एकाही ठिकाणी न अडखळता. मग कॉफी झाली, केकचा एकेक तुकडा झाला, आणि दिलेली वेळ संपल्यावर पुढच्या कुटुंबासाठी आम्ही हॉल मोकळा केला.

गेल्या आठवड्यात नोटरीनं सुजाताला कळवलं, की तो खालचा अर्धा वाटा आता तिच्या नावावर होईल. ती मला घेऊन त्या स्वयंपाकघरात बसली आणि तिनं डचमध्ये विचारलं, मावशी, आता काय लिहायचं? मी म्हटलं, मी काही लिहिणार नाही, मला विचारू नकोस. मग तिनं बरणीखालून ते पहिलं पत्र काढलं आणि दोनदा वाचलं. नंतरच्या पत्रातला मुलाकडचा नंबर शोधला आणि सरळ फोन लावला, मला ऐकू येईल असा. इतक्या दिवसांत दिवाकरनं आणि मी रूथबाईंना किती पत्रं लिहिली असतील, पण फोन कधी केला नव्हता.

रूथबाईंचा आवाज मला वाटला होता त्याहून खणखणीत निघाला. सुजातानं बाबा गेल्याचं सांगितलं. मग सुजातानं, जे आम्ही कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, 'तुम्हाला काय हवं आहे?'

'आता काही नको, बाळ,' ती म्हणाली. 'तेव्हा हवं होतं. ते मी लिहिलं होतं.' तिच्या बोलण्यात राग नव्हता. घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं सांगितलं. आणि मग तिला काहीतरी आठवलं. म्हणाली, तुझ्या वडलांना माती हवी होती ना... यंत्रं यायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या पायरीजवळची मी कॉफीच्या डब्यात भरून ठेवली. आता तिथं खडी टाकली आहे, पुन्हा मिळायची नाही. ते न्यायला येतील म्हणून इथं येतानाही डबा बरोबर आणला. पोस्टानं पाठवू का?

सुजातानं माझ्याकडे बघितलं. ती बाबाची मुलगी, तिला नियम ठाऊक. ती म्हणाली, नाही पाठवता येणार. आणि मग, अगदी हळू, की तुमच्याजवळच राहू दे.

घर शरद ऋतूपर्यंत सुजाताकडेच आहे, तोवर दर दुसऱ्या शनिवारी मी झाडांना पाणी घालायला जाते. दाराशी छत्र्यांच्या उभ्या डब्यात त्याचा गिरमिट अजून आहे, टोकाला वाळलेला चिखल. पाणी घालून झालं की मी खिडकीतल्या बरण्या पुसते. काळी माती, आनेकेच्या माहेरची, वाळू, माझी मेथी, आनेके. सगळ्या गच्च भरलेल्या, जड, जागच्या जागी बसून राहतात. 'रूथबाईंचं अंगण' मात्र फडकं लागलं की काठाकडे सरकते. म्हणून तिला पुसताना मी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवते.